रूफेनाख्टची बारा काडतुसं

फ्रेडी रूफेनाख्टचं अक्षर फार सुंदर होतं, आणि त्याच्या दुर्दैवाचं मूळ तेच होतं. हिंटरबाखच्या नेमबाज मंडळाने बावीस वर्षांपूर्वी त्याचं अक्षर पाहिलं आणि त्याला सचिव केलं. तेव्हापासून दर शरदात जुन्या शस्त्रांची स्पर्धा झाली की विजेत्याचं प्रशस्तिपत्र लिहायला फ्रेडी बसायचा. टाक दौतीत बुडवायचा, श्वास रोखायचा आणि झोकदार वळणं घेत दुसऱ्याचं नाव लिहायचा. त्यातही चौदा वर्षं एकच नाव. ह्यूगो क्रेहेनबूल हे नाव फ्रेडी आता डोळे मिटूनही लिहू शकला असता. स्वतःचं नाव त्या कागदावर कसं दिसेल, हे त्याने एकदा ऑफिसात विम्याच्या अर्जाच्या पाठीमागे लिहून पाहिलं होतं आणि मग कोणी बघू नये म्हणून कागद फाडून टाकला होता.

आता कोणी म्हणेल, क्रेहेनबूल चांगला नेमबाज असेल, म्हणून जिंकत असेल. तसं नाही. म्हणजे तो वाईट नव्हता, पण स्पर्धा होती १८८२ सालच्या लष्करी रिव्हॉल्व्हरची. ती रिव्हॉल्व्हरं गावात सात-आठ घरांत होती, आजोबा-पणजोबांची, टेबलक्लॉथच्या खणात जपलेली. त्यांची काडतुसं मात्र आता कोणी बनवत नव्हतं. क्रेहेनबूलने फार वर्षांपूर्वी एका बंद पडणाऱ्या दुकानातला सगळा साठा उचलला होता आणि तो तळघरात कुलपात ठेवला होता. बाकीचे लोक कुठून कुठून गोळा केलेली सर्दाळलेली काडतुसं घेऊन यायचे. त्यांच्या बारांतली चार फुसकी निघायची आणि क्रेहेनबूलच्या गळ्यात पुन्हा हार पडायचा. एकदा फ्रेडीने त्याच्याकडे बाराच काडतुसं विकत मागितली. क्रेहेनबूल अगदी प्रेमाने म्हणाला, "फ्रेडी, तुला नाही कसं म्हणू? पण अरे, मलाच अजून वीस वर्षं जगायचंय."

वर त्यानेच मंडळाच्या नियमावलीत सातवं कलम घालून घेतलं होतं. काडतूस एकतर कारखान्याच्या भरणाऱ्याने भरलेलं असावं, नाहीतर नेमबाजाने स्वतःच्या हाताने भरलेलं असावं. सगळ्यांनी मिळून एखाद्या जाणकाराकडून भरून घेण्याची वाट अशी बंद झाली. हे कलम अर्थात फ्रेडीच्याच सुंदर अक्षरात होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये फ्रेडीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की आपण काडतुसं स्वतः भरणार. त्याची बायको एल्सबेथ बटाटे परतत होती. तिने वळूनही न बघता विचारलं, "भिंतीत खिळा ठोकायला मागच्या वेळी किती दिवस लागले होते?" फ्रेडीने सामानाची यादी करायला घेतली. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाने असल्या प्रश्नांत अडकायचं नसतं.

काडतुसाला चार गोष्टी लागतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत बारूद आणि तोंडाशी शिशाची गोळी. गोळी पुंगळीत बसवायचं दाबयंत्र आणि टोप्या फ्रेडीला थूनच्या जुन्या बाजारात मिळाल्या. तिथेच एका दाढीवाल्याने त्याला शंभर पुंगळ्या विकल्या. त्या दुसऱ्याच कुठल्या लांब काडतुसाच्या होत्या, कापून आखूड केलेल्या. कापणाऱ्याचा हात त्या दिवशी थरथरत असावा. शिवाय त्या काळ्या-हिरव्या पडल्या होत्या. दाढीवाला म्हणाला, घासल्या की सोनं. फ्रेडी म्हणाला, अर्थातच.

बारुदासाठी गावच्या कचेरीतून परवाना लागतो. तिथला कारकून स्टुकी हा देवमाणूस. कायद्याबाहेर एक पाऊल टाकणार नाही आणि कायद्यात असलेलं एकही पाऊल गाळणार नाही. त्याने फ्रेडीचा गुन्हे नसल्याचा दाखला पाहिला, घराचा नकाशा पाहिला, तळघरातल्या कोठडीची लांबी-रुंदी लिहून घेतली आणि मग तो संगणकापुढे अडला. बारुदाचं प्रयोजन या रकान्यात तीनच पर्याय होते: दगडाची खाण, बोगदा आणि हिमकडे फोडणे. रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाईना. दोघांनी बराच वेळ विचार केला. खाण फ्रेडीकडे नव्हती, बोगद्याला वेगळा नकाशा लागला असता. शेवटी स्टुकीने हिमकड्यांवर खूण केली आणि परवान्यावर शिक्का मारला.

आठवड्याने फ्रेडीला अग्निशमन दलाचं पत्र आलं. हिंटरबाखच्या हिमकडा पथकात त्याचं स्वागत होतं, सोबत नारिंगी जाकीट आणि शिट्टी होती. हिंटरबाखभोवती ज्या टेकड्या आहेत त्यांच्यावरून बर्फ घसरला तर फार तर गाईचे खूर झाकतील. फ्रेडी पत्र घेऊन पुन्हा स्टुकीकडे गेला. स्टुकी म्हणाला, नाव काढता येईल, पण मग परवानाही रद्द करावा लागेल. फ्रेडीने जाकीट कपाटात टांगलं. पुढच्या रविवारी दोन अनोळखी म्हाताऱ्यांनी रस्त्यात टोपी काढून त्याला आदराने विचारलं, यंदा थंडी कशी काय वाटते.

शिशासाठी तो पाद्रीबुवांकडे गेला. चर्चच्या रंगीत खिडक्या नुकत्याच दुरुस्त झाल्या होत्या आणि जुन्या शिशाच्या पट्ट्या मागच्या खोलीत पडल्या होत्या. पाद्रीबुवांनी त्या पैसे न घेता दिल्या, बदल्यात चार रविवार हजेरी मागितली. फ्रेडीने चारही रविवार भरले, त्यातले दोन जागेपणी. ते शिसं वितळवायला मात्र त्याने बाल्कनीत फोंड्यूची, म्हणजे चीज वितळवायची, शेगडी पेटवली आणि शेगडीवर फोंड्यूचंच मातीचं भांडं ठेवलं. हे भांडं एल्सबेथच्या आईने लग्नात दिलेलं होतं आणि एकतीस वर्षं त्यात चीजखेरीज काही शिजलं नव्हतं. फ्रेडीचा हिशेब असा की जे भांडं इतकं चीज सहन करतं ते शिसंही करेल. भांडं मधोमध तडकलं. शिसं बाल्कनीच्या फरशीवर पसरलं आणि तिथेच थंड होऊन बसलं.

एल्सबेथ तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने माळ्यावरचं जाड लोखंडी पातेलं काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "आता जिंकलाच नाहीस ना, तर मी सोडणार नाही तुला." गोळ्या त्या पातेल्याच्या जोरावर झाल्या.

उरल्या पुंगळ्या. त्यांना चकाकी आणायचं एक थरथरणारं डबडं मिळतं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि पुंगळ्या टाकायच्या आणि दोन-तीन तास चालू ठेवायचं. पण फ्रेडीच्या इमारतीला नियम होते. दुपारी बारा ते साडेबारा शांतता, रात्री आठनंतर शांतता, रविवारी अख्खा दिवस शांतता. आणि उरलेल्या वेळेत फ्रेडी ऑफिसात. डबडं पहिल्यांदा चालू झालं तेव्हा आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. तीन मिनिटांनी दाराखालून चिठ्ठी आत आली. चिठ्ठीवर फक्त वेळ लिहिली होती आणि खाली सही: एम. एशलीमान.

या एशलीमान बाईंबद्दल सांगायला हवं. वय एक्क्याऐंशी, तळमजल्यावर एकट्या राहायच्या, आणि इमारतीचे नियम कागदावर होते त्याहून जास्त त्यांच्यात होते. तळघरातली कपडे धुण्याची खोली सगळ्यांची सामाईक. पंधरा दिवसांतून एकेका घराचा एकेक दिवस ठरलेला, आणि किल्ली लाकडी दांड्याला बांधून एका दारातून दुसऱ्या दारात जायची. आपला दिवस संपला की यंत्र पुसून, जाळी साफ करून द्यायचं. मग एशलीमान बाई दाराच्या रबरावरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरून बघायच्या. एकोणीस वर्षं फ्रेडी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होता आणि त्या बोटाला भीत होता. दारावरच्या पाटीवरच्या 'एम'चा अर्थ काय, हे विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती. वडीलधाऱ्या माणसाने आपणहून सांगितल्याशिवाय ते विचारायचं नसतंच.

फ्रेडीच्याही वरच्या मजल्यावरचा मोझर हा निवृत्त तिकीट तपासनीस. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. त्याने जिन्यात फ्रेडीला गाठून सल्ला दिला की पुंगळ्या उशीच्या अभ्र्यात घालून सरळ कपड्यांच्या यंत्रात टाकाव्या. त्याचा एक मेहुणा असंच करायचा. फ्रेडीने धुण्याच्या खोलीतला वारांचा तक्ता पाहिला. स्पर्धेला उरले होते सहा दिवस आणि त्याचा धुण्याचा दिवस होता अकरा दिवसांनी. उद्याचा मंगळवार एशलीमान बाईंचा. पण त्या बारा वाजता वर जेवायला जायच्या, रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या आणि बारा चाळीसला खाली यायच्या. एकोणीस वर्षांत यात मिनिटाचा फरक पडलेला नव्हता. चाळीस मिनिटं यंत्र रिकामं आणि किल्ली दारालाच. फ्रेडीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

बारा दहाला शंभर पुंगळ्या अभ्र्यात आणि अभ्रा यंत्रात. दार लावताना फ्रेडीच्या लक्षात आलं की अभ्र्याचं एक बटण तुटलेलं आहे. मग त्याने घाईघाईत जो आकडा दिसला तो दाबला आणि यंत्र चालू झाल्यावर खालची अक्षरं वाचली. पांढरे कपडे, फार मळलेले, एक तास पन्नास मिनिटं. आणि हे यंत्र एकदा सुरू झालं की संपेपर्यंत दार उघडत नाही.

बारा चाळीसला एशलीमान बाई खाली आल्या, हातात चादरींची टोपली. आत गारा पडल्यासारखा आवाज चालला होता. फ्रेडी यंत्राला पाठ लावून उभा होता, जणू आवाज त्याच्या पोटातून येत असावा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढलं.

ऐंशी मिनिटं अशी गेली. माणसाने शिव्या द्याव्यात, ओरडावं, परत काही म्हणता तरी येतं. विणणाऱ्या बाईला काय म्हणणार? फ्रेडीने एकदा हवामानाबद्दल बोलून पाहिलं. सुया थांबल्या नाहीत. त्याने स्वतःच्या वयाचा विचार केला, अठ्ठावन्न. ऑफिसात चार माणसं त्याच्या हाताखाली होती आणि दिवाळखोरीतल्या दोन गिरण्यांच्या फायली तो एकटा सांभाळत होता. इथे तो शाळेत बाकावर उभं केल्यासारखा उभा होता.

शेवटी यंत्र कण्हलं, अडखळलं आणि थांबलं. दार उघडलं तसं पाणी बाहेर आलं, कारण एक पुंगळी पंपात अडकली होती. पाण्याबरोबर बाकीच्या खळखळत बाहेर पडल्या आणि एक घरंगळत एशलीमान बाईंच्या बुटापाशी जाऊन थांबली. चकाकत होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. बाईंनी ती उचलली, चष्मा वर केला आणि पुंगळीचं तोंड उजेडाकडे धरलं, रबरावरून फिरवलेलं बोट धरायच्या तसंच.

"हे कुणी कापलं?" त्यांनी विचारलं.

फ्रेडी म्हणाला, विकत घेतल्यात. बाई म्हणाल्या, तोंड वाकडं आहे, बूड झिजलंय, आणि हे तुम्ही भरून हातात धरून उडवणार आहात काय. मग त्यांनी विचारलं, आधी भरून पाहिलेली काही आहेत का. फ्रेडीकडे सहा होती, थूनलाच सुट्या मिळालेल्या पुंगळ्यांत भरलेली. कोठडीतून त्याने ती आणून दिली. बाईंनी एकेक कानाशी धरून हलवलं, तिसऱ्यालाच त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या टेबलावर थुंकलंय.

"अकरा वर्षं मी थूनला कारखान्यात काडतुसं भरली, रूफेनाख्ट. असलं एक जरी माझ्या हातून गेलं असतं ना, तर मी दुसऱ्या दिवशी कामावर तोंड दाखवलं नसतं. यंत्राचं राहू द्या. यंत्राचं मी जिन्यातल्या फलकावर लिहीनच. पण हे काम असं करतात?"

फलकावर त्यांनी खरोखर लिहिलं. मंगळवार, बारा दहा, रूफेनाख्ट, पुंगळ्या. फ्रेडीने गुडघ्यावर बसून पंप साफ केला, फरशी पुसली, बाईंनी बोट फिरवलं आणि त्याला पुन्हा एकदा पुसायला लावलं. मग म्हणाल्या, गुरुवारी दोन वाजता इथेच, हात साबणाने धुऊन या.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार फ्रेडीने रजा टाकून इस्त्रीच्या टेबलाशी काढले. बाईंनी शंभरातल्या चौऱ्याण्णव पुंगळ्या बाद केल्या आणि उरलेल्या सहा बाजूला ठेवल्या. मग त्यांनी वर जाऊन बिस्किटांचा एक डबा आणला. त्यात खऱ्या पुंगळ्या होत्या, चाळीस एक. कारखाना सोडताना मिळालेल्या, आठवण म्हणून. त्यांतल्या सहा मोजून त्यांनी फ्रेडीच्या सहांशेजारी ठेवल्या. फ्रेडीने आपण भरलेलं काडतूस पुढे करायचं आणि बाईंनी ते कानाशी हलवून परत करायचं, असं चाललं. पुन्हा. पुन्हा. बारूद तोलताना श्वास सोडायचा नाही. गोळी बसवताना हात कोपरातून हलवायचा, मनगटातून नाही. ऑफिसात चार माणसं हाताखाली असलेला माणूस तीन दिवस "हो बाई" एवढंच म्हणत होता. शनिवारी संध्याकाळी टेबलावर बारा काडतुसं एका रांगेत उभी होती. त्यातली पाच फ्रेडीची होती. सात बाईंनी स्वतः भरली होती, कारण फ्रेडीचं सहावं त्यांनी कचऱ्यात टाकलं होतं. बाईंच्या धाकात सातवं कलम फ्रेडीला आठवलंही नाही.

दुसरा दिवस रविवार, वर्षातला एकच रविवार ज्या दिवशी हिंटरबाखमध्ये चर्च सुटल्यावर गोळीबाराला परवानगी असते. मैदानाशी सॉसेज भाजत होते. क्रेहेनबूल नवं हिरवं जाकीट घालून आला होता. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, आज फ्रेडीने नारिंगी का घातलं नाही, हिमकडा आला तर काय करायचं. लोक हसले. फ्रेडी खिशातली काडतुसं पुन्हा एकदा मोजत होता.

क्रेहेनबूलने बारा गोळ्यांत एकशे चार गुण घेतले. हा त्याचा नेहमीचाच आकडा, आणि तेवढ्यात तो दर वर्षी जिंकायचा. मग फ्रेडी उभा राहिला. आजोबांचं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात जड लागलं. पहिला चाप ओढला आणि ते वाजलं. बावीस वर्षांत त्याचं पहिलं काडतूस बहुतेकदा वाजायचंच नाही, त्यामुळे त्याला स्वतःलाच धक्का बसला. दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. सहाव्यानंतर त्याच्या लक्षात आलं की आतापर्यंत तो नेम धरताना कायम अर्धं लक्ष काडतुसाकडे ठेवत होता, हे फुसकं निघेल की काय म्हणून. आज ते अर्धं लक्ष मोकळं झालं होतं. बाराच्या बारा वाजली. गुण मोजायला खुद्द अध्यक्ष ल्यूथी गेले, परत आले, पुन्हा जाऊन मोजून आले आणि म्हणाले, एकशे पाच.

एल्सबेथ किंचाळली. ती रडत होती आणि मोझरला मिठी मारत होती. मोझर आनंदाच्या भरात जो भेटेल त्याला सांगत सुटला की तळघरात एशलीमान बाईंनी काय कमाल केली, सात काडतुसं तर त्यांनीच भरली. ऐकणाऱ्यांत क्रेहेनबूलही होता.

क्रेहेनबूल टेबलापाशी आला. आवाज अगदी मऊ. "सातवं कलम, ल्यूथी. फ्रेडीच्याच अक्षरात आहे. फ्रेडी, तूच सांग, सगळी तू भरलीस?"

हो म्हटलं असतं तर कोणी ते खोडलं नसतं, मोझरच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतं. फ्रेडीच्या डोळ्यांपुढे तो फाडलेला कागद आला, त्यावरचं स्वतःचं नाव. पण दहा पावलांवर लाकडी बाकावर एशलीमान बाई विणत बसल्या होत्या, आणि त्यांनी भरलेली सात काडतुसं आपली म्हणायला त्याची जीभ वळेना.

"पाच माझी," तो म्हणाला. "सात एशलीमान बाईंची."

ल्यूथींनी नियमावली उघडली. फ्रेडीची सुंदर वळणं त्यांनी दोनदा वाचली आणि खेदाने मान हलवली. क्रेहेनबूलने घंटेकडे हात नेला. विजेत्याला आमच्याकडे गाईच्या गळ्यातली मोठी पितळी घंटा देतात.

विणकाम बाजूला ठेवून एशलीमान बाई उठल्या. चालत यायला त्यांना वेळ लागला. त्यांनी क्रेहेनबूलला विचारलं, "तुमची काडतुसं कुठली?"

"कारखान्याची," क्रेहेनबूल म्हणाला. "अस्सल. पेटीसकट."

"बघू पेटी."

त्याने अभिमानाने पेटी पुढे केली. बाईंनी चष्मा वर केला आणि पेटी उलटी केली. तळाच्या पट्टीवर वर्ष होतं आणि त्याखाली भरणाऱ्याचा आकडा. मग त्यांनी पर्समधून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. तरुण मुलीचा फोटो, कारखान्याचा शिक्का, भरणी विभाग, क्रमांक चारशे सतरा. कार्ड त्यांनी पेटीशेजारी ठेवलं. पट्टीवरही चारशे सतरा होतं.

"चौदा वर्षं तुम्ही माझ्याच जिवावर जिंकताय, क्रेहेनबूल," बाई म्हणाल्या. "माझी सातही याच हातांनी भरलीत. ती कारखान्याची नसतील, तर तुमचीही नाहीत. मग तुमच्या चौदा घंटा परत आणा. आणि असतील, तर या माणसाची पाच त्याच्या हातची आणि सात कारखान्याची. कलमात आणखी काही लिहिलंय का?"

ल्यूथींनी नियमावली मिटली. आणखी काही लिहिलेलं नव्हतं. क्रेहेनबूलने पेटीवरचा आकडा कार्डाशी ताडून पाहिला, मग त्याने घंटा उचलली आणि स्वतःच्या हाताने फ्रेडीकडे दिली. एवढा मोठेपणा त्याच्यात होता, हे चौदा वर्षं कोणाला कळायचं कारणच पडलं नव्हतं.

प्रशस्तिपत्र लिहायला फ्रेडी बसला. टाक बुडवला, श्वास रोखला, आणि त्याचा हात असा कापायला लागला की दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर नाव उतरलं. बावीस वर्षांतलं त्याचं सगळ्यात वाईट अक्षर होतं ते, आणि त्याने ते खोडलं नाही. मग त्याने खाली एक ओळ आखली, 'काडतुसं', आणि मान वर करून विचारलं, "बाई, नाव काय लिहू?"

बाईंनी विचार केला. एकोणीस वर्षांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून गेला, आठ वाजून दोन मिनिटं, तुटलेलं बटण, पंपातली पुंगळी. "मार्था," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे तेच म्हण."

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात फ्रेडी घंटा पोटाशी धरून, तिची जीभ मुठीत गच्च पकडून एकेक पायरी चढत होता. मागे एल्सबेथ, मैदानाशीच्या ठेल्यावर घेतलेलं फोंड्यूचं नवं भांडं घेऊन. रविवार होता, आणि एवढ्या मोठ्या घंटेचा एक ठोका म्हणजे फलकावर आयुष्यभराचा मजकूर. तळमजल्याचं दार उघडलं. मार्था एशलीमानने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, नियमांच्या कागदाकडे पाहिलं, मग फ्रेडीच्या आवळलेल्या मुठीकडे.

"सोड," ती म्हणाली. "आज वाजू दे."